जुन्या ब्रिटिश गाडीचा डिपर: आधी समजून घ्या, मग पाना उचला

ट्रकच्या मागे 'यूज डिपर ॲट नाइट' वाचत आपण सगळे मोठे झालो, आणि आपल्याकडचा गॅरेजवाला सरळ 'अपर-डिपर' म्हणतो, म्हणजे लांब जाणारा झोत अपर आणि खाली पडणारा डिपर. मी मात्र पुढे खालच्या झोताला 'डिप' म्हणतोय आणि झोत बदलायच्या स्विचला 'डिपर'. इकडे बर्मिंगहॅमजवळ राहायला आल्यावर काही वर्षांनी मी १९३६ ची मॉरिस एट घेतली, ९१८ सीसीचं इंजिन, सहा व्होल्टची बॅटरी आणि दोन गोल दिवे. पहिल्यांदा अंधारात बाहेर काढली, समोरून गाडी आली म्हणून डिपर दाबला, तर खट् असा आवाज झाला, उजवा दिवा चक्क विझला आणि डावा दिवा मान खाली घालून कडेच्या गवतात बघायला लागला. मला वाटलं गेलं काहीतरी, गाडी बाजूला घेतली, बॉनेट उघडून टॉर्च मारून बसलो अर्धा तास. नंतर कळलं की काहीच बिघडलं नव्हतं, ते असंच चालायला हवं होतं!

तर असा घोळ तुमचा होऊ नये म्हणून हे लिहितोय. नवीन माणूस जुनी गाडी घेतो, रात्री दिसत नाही म्हणून पहिल्याच आठवड्यात जास्त वॉटचा बल्ब मागवतो आणि तो बल्ब पण मिणमिणतोच. माझं म्हणणं एवढंच आहे की बल्ब सगळ्यात शेवटी बदला, त्याच्या आधी अर्थिंग (बल्बमधून गाडीच्या बॉडीमार्फत बॅटरीकडे परतणारी विजेची वाट), वायर, स्विच आणि रिफ्लेक्टर (बल्बमागची चकाकती वाटी) बघा, आणि जे काही कराल ते उद्या उलटं फिरवता येईल असं करा.

आपल्या गाडीत नक्की काय आहे ते ओळखा

'जुनी ब्रिटिश गाडी' म्हटलं तरी डिपरच्या तीन-चार वेगळ्या जाती आहेत आणि एकाचा उपाय दुसऱ्याला चालत नाही.

सगळ्यात जुनी जात १९२० च्या दशकातली, तिच्यात वीज-बीज काही नाही, पूर्ण दिवाच खाली वाकतो. बार्कर ही लंडनची गाड्यांच्या बॉड्या बांधणारी नावाजलेली कंपनी, तिच्या नावाने ही पद्धत ओळखली जाते, रोल्स-रॉइससारख्या गाड्यांवर बघायला मिळते. ड्रायव्हरच्या हाताशी एक लिव्हर, तिथून दांडे पुढे गेलेले, लिव्हर ओढला की दोन्ही दिवे एकदम मान खाली घालतात. ही पद्धत तुमच्याकडे असेल तर भाग्यवान आहात, सांध्यांना ग्रीस द्या, दिव्याकडे जाणाऱ्या वायरला वाकायला थोडा ढिलेपणा ठेवा, आणि बाकी कशाला हात लावू नका.

दुसरी जात माझ्या मॉरिसमधली, १९३० च्या दशकातल्या छोट्या-मध्यम ब्रिटिश गाड्यांत सर्रास दिसणारी. हिला इकडे 'डिप अँड स्विच' म्हणतात. आत एकच फिलामेंट (उजेड देणारी बारीक तार) असलेले साधे बल्ब, डाव्या दिव्याचा रिफ्लेक्टर बिजागरीवर बसवलेला आणि त्याच्या मागे एक सोलेनॉइड, म्हणजे वीज दिली की दांडा ओढणारी कॉइल. डिपर दाबला की सोलेनॉइड रिफ्लेक्टरला खाली आणि डावीकडे ओढतो आणि त्याच वेळी उजव्या दिव्याची वीज तुटते. इकडची मंडळी डावा-उजवा म्हणत नाहीत, फुटपाथच्या बाजूचा तो नियरसाइड, रस्त्याच्या मधल्या बाजूचा तो ऑफसाइड, पुस्तकात हेच शब्द सापडतील तेव्हा गोंधळू नका.

तिसरी जात म्हणजे आपल्याला माहीत असलेली, एका बल्बमध्ये दोन फिलामेंट. ऑसरामने बायलक्स नावाचा असा बल्ब १९२४ मध्येच काढला होता, तरी ब्रिटिश कारखाने पुढची कितीतरी वर्षं तो हलता रिफ्लेक्टर धरून बसले होते. त्याला कारण होतं म्हणा. एकाच फिलामेंटचा बल्ब कायम रिफ्लेक्टरच्या बरोबर फोकसवर बसतो, त्यामुळे झोत खाली गेला तरी फाटत नाही, जसा सरळ होता तसाच स्वच्छ खाली जातो. उजवा दिवा समोरच्याच्या डोळ्यांच्या जवळचा, म्हणून तो बंद करून टाकायचा. तेव्हाच्या रिकाम्या रस्त्यांना हे डोकं बरोबर होतं. आजची अडचण वेगळी आहे, एकच दिवा लागलेला बघून समोरच्याला वाटतं मोटारसायकल येतेय, आणि तो तुमच्या उजव्या मडगार्डची जागा आपलीच समजून येतो! डिप अँड स्विच बदलायचं खरं कारण मला हेच वाटतं, उजेड कमी पडणं दुसऱ्या नंबरवर.

चौथी जात दुसऱ्या महायुद्धानंतरची, सात इंची गोल दिवे, बारा व्होल्ट आणि बऱ्याच गाड्यांत पायाने दाबायचा डिपर, क्लचच्या डावीकडे जमिनीवर. यांचं काम सगळ्यात सोपं, त्यावर पुढे येतो.

ओळखायला सोपी युक्ती सांगतो. संध्याकाळी गाडी भिंतीसमोर उभी करा, हेडलाइट लावा आणि कोणाला तरी डिपर दाबायला बसवा (आमच्याकडे हे काम बायकोचं, आणि 'अजून किती वेळा दाबू' हे ऐकायची तयारी ठेवा). उजवा विझला आणि खट् वाजलं तर दुसरी जात. दोन्ही लागलेले राहून ठिपके खाली सरकले तर तिसरी किंवा चौथी. उजवा विझला पण खट् वाजलंच नाही आणि डावा सरळच बघत राहिला, तर दुसरीच जात आहे पण सोलेनॉइड किंवा त्याचा फ्यूज गेलाय.

हात घालायच्या आधी

बॅटरी काढा. सहा व्होल्टला शॉक बसत नाही म्हणून लोक निर्धास्त असतात, पण बॅटरीच्या आणि बॉडीच्या मध्ये पाना किंवा बोटातली अंगठी आली की ती क्षणात लाल होते. घड्याळ, अंगठी काढून ठेवा. बॅटरीची कुठली तार चासीला जातेय ते बघा, कारण ब्रिटिश गाड्या साधारण १९३० च्या दशकाच्या मध्यापासून ते १९६० च्या दशकापर्यंत बऱ्याचशा पॉझिटिव्ह अर्थ होत्या, म्हणजे प्लसची तार बॉडीला! साध्या बल्बला काही फरक पडत नाही, पण एलईडी किंवा आत डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देणारा तुकडा) असलेला रिले (थोड्या विजेने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) लावणार असाल तर इथेच घात होतो. काढताना नेहमी अर्थची तार आधी, लावताना ती शेवटी, मग अर्थ प्लस असो की मायनस.

आणि फोटो काढा. वायर सोडायच्या आधी, दिवा उघडल्यावर, स्विच उघडल्यावर, प्रत्येक टप्प्याला. युद्धानंतरच्या गाड्यांत रंगांची भाषा पक्की आहे: हेडलाइटच्या स्विचकडून डिपरकडे निळी, डिपरपासून अपरला निळ्यावर पांढरी रेघ, डिपला निळ्यावर लाल रेघ, अर्थ काळी आणि बॅटरीची थेट वायर तपकिरी. एवढं पाठ केलंत की अर्धं काम झालं. युद्धाआधीच्या गाडीत मात्र सुती विणीच्या वायर असतात आणि ऐंशी-नव्वद वर्षांनी सगळ्यांचा रंग एकच, शेणाचा. तिथे प्रत्येक वायरला कागदाची चिठ्ठी बांधल्याशिवाय गत्यंतर नाही.

उजेड कुठे मुरतोय ते शोधा

हा भाग कंटाळवाणा आहे पण खरी कमाई इथेच आहे. साध्या फिलामेंटच्या बल्बचा उजेड व्होल्टच्या हिशोबात सरळ कमी होत नाही, धाडकन पडतो. व्होल्ट १० टक्के कमी मिळाले की उजेड जवळपास ३० टक्के जातो. सहा व्होल्टच्या गाडीत अर्धा व्होल्ट वाटेत मुरला तर चौथा हिस्सा उजेड गेला समजा, आणि जुन्या गाडीत अर्धा काय, एक व्होल्ट मुरलेला पण मी बघितलाय.

मोजायला साधा स्वस्तातला मल्टिमीटर चालतो. दिवे लावून ठेवा. मीटरची एक तार बॅटरीच्या जिवंत टोकाला (जे बॉडीला नाही ते), दुसरी बल्बच्या मागच्या टोकाला, जो आकडा येईल तेवढे व्होल्ट जाताना हरवतात. मग एक तार बॅटरीच्या अर्थच्या टोकाला आणि दुसरी बल्बच्या पितळी अंगाला, हा आकडा परतीच्या वाटेवरचा. दोन्हींची बेरीज करा. माझ्या मॉरिसमध्ये परतीच्या वाटेवरच जास्त गळती निघाली, कारण दिव्याचा अर्थ नुसता त्याच्या दांडीतून मडगार्डला आणि मडगार्डमधून चासीला जायचा आणि आधीच्या मालकाने सगळ्याला सुरेख जाड रंग मारून ठेवला होता. रंगातून वीज कशी जाणार? प्रत्येक दिव्याच्या आतून एक वेगळी काळी वायर काढून चासीवर घासून चकाकवलेल्या जागी बोल्टने आवळली, वर व्हॅसलीनचा हात फिरवला, आणि त्याच जुन्या बल्बने रस्ता दिसायला लागला. खर्च एका वडापावचा!

जातानाची गळती जास्त असेल तर तुकडे पाडून बघा, ॲमीटरच्या (डॅशबोर्डवरचा करंट दाखवणारा काटा) आधी-नंतर, हेडलाइटच्या स्विचच्या आधी-नंतर, डिपरच्या आधी-नंतर. जिथे आकडा उडी मारतो तिथे चोर. बहुतेक वेळा तो डिपरच असतो. पायाचा डिपर कार्पेटखाली, ओल्या बुटांच्या खाली आयुष्य काढतो, त्याला गंज चढतो, आतल्या पितळी पट्ट्या काळ्या पडतात. उघडता आला तर बारीक पॉलिश पेपरने पट्ट्या घासा, उघडता येत नसेल तर कॉन्टॅक्ट क्लीनरचा फवारा मारून पन्नास वेळा दाबा. आणि दाबताना एक लक्ष द्या, खटका अपर आणि डिपच्या मधोमध अडकतो का? अडकत असेल तर तो स्विच सरळ फेका, कारण मधोमध म्हणजे दोन्हीकडे वीज नाही आणि ऐन वळणावर मिट्ट काळोख. या एका गोष्टीवर काटकसर करू नका.

रिफ्लेक्टर पण बघा. जुने रिफ्लेक्टर चांदीचा मुलामा दिलेले असतात आणि चांदी काळवंडते हे घरात देवाची भांडी असलेल्याला सांगायला नको. पण इथे देवाच्या भांड्यांचा उपाय करायचा नाही! मुलामा अगदी पातळ असतो, बऱ्याच रिफ्लेक्टरवर त्याच्यावर लॅकरचा पारदर्शक थर असतो, आणि पॉलिश लावून जोरात घासलं की दोन मिनिटांत खालचं पितळ हसायला लागतं. मऊ कापूस, कोमट पाणी, एक थेंब सौम्य साबण, हलका हात, बस. त्याने उजळत नसेल तर पुन्हा मुलामा देऊन घ्या. पैसे लागतात, पण दुप्पट वॉटच्या बल्बपेक्षा जास्त फरक पडतो आणि डायनॅमोवर (इंजिनावर फिरून वीज बनवणारा, बॅटरी भरणारा) एक अँपियरचाही भार वाढत नाही.

सोलेनॉइडवाला दिवा दुरुस्त करायचा असेल तर

आता तो खट् वाजणारा दिवा. पुढची रिंग काढून काच-रिफ्लेक्टर बाहेर घेतलं की मागे एक छोटी कॉइल दिसेल, तिच्यात सरकणारा लोखंडी दांडा, एक स्प्रिंग, दोन बारीक कॉन्टॅक्ट आणि क्लिपांत बसवलेला छोटा फ्यूज. स्प्रिंग रिफ्लेक्टरला सरळ धरून ठेवते. डिपर दाबला की कॉइलमध्ये पूर्ण जोराने करंट जातो आणि दांडा हिसक्याने आत ओढला जातो. दांडा शेवटपर्यंत पोचला की तोच ते दोन कॉन्टॅक्ट उघडतो, आणि मग कॉइलमध्ये फक्त धरून ठेवण्यापुरता थोडासा करंट राहतो. ओढायला जोर जास्त लागतो, धरायला कमी, म्हणून ही हुशारी.

या हुशारीतच त्याचं मरण आहे. बिजागरी गंजली, स्प्रिंगमध्ये कचरा बसला किंवा बॅटरी मलूल झाली, की दांडा शेवटपर्यंत पोचत नाही, कॉन्टॅक्ट उघडत नाहीत, आणि पूर्ण करंट कॉइलमध्ये चालूच राहतो. तो छोटा फ्यूज त्याच्यासाठी आहे, कॉइल तापायच्या आत तो जातो. आता माझा पराक्रम ऐका. माझा फ्यूज वारंवार जायचा, तिसऱ्यांदा गेल्यावर वैतागून मी चॉकलेटची चांदी गुंडाळून लावली, आपल्याकडे घरच्या फ्यूजला जाड तार लावायचे तसलं डोकं. नोव्हेंबरमधली धुक्याची संध्याकाळ, वॉरिकशायरमधला अरुंद रस्ता, डिपर दाबून साधारण दोन मिनिटं झाली असतील, आणि डाव्या दिव्याच्या काचेआतून बारीक धूर यायला लागला आणि जळक्या वॉर्निशचा तो वास जो एकदा नाकात गेला की विसरत नाही. कॉइल कोळसा. ती परत भरून घ्यायला जेवढे पैसे गेले तेवढ्यात फ्यूजच्या पन्नास डब्या आल्या असत्या.

तेव्हा फ्यूज जातोय म्हणजे तो तुम्हाला काहीतरी सांगतोय. बॅटरी काढलेली असताना रिफ्लेक्टर बोटाने खाली ढकलून बघा, लोण्यासारखा जायला हवा आणि सोडल्यावर स्वतःहून परत यायला हवा. अडखळत असेल तर बिजागरी साफ करून शिवणयंत्राच्या तेलाचा एक थेंब, जास्त नाही, नाहीतर तापून उडालेलं तेल चांदीवर बसतं. दांडा पूर्ण आत गेल्यावर कॉन्टॅक्ट खरंच उघडतात का ते डोळ्याने बघा, मधून कागदाची पट्टी सरकली पाहिजे. आणि रिफ्लेक्टरबरोबर हलणाऱ्या बल्बच्या वायरकडे लक्ष द्या, रोजच्या मान हलवण्याने ती आतल्या आत तुटते, बाहेरून विणकाम शाबूत दिसतं. तिथे बारीक तारांची, भरपूर लवचिक वायर घाला.

दुरुस्त झालेला डिप अँड स्विच ऐकायला फार गोड वाटतो हे कबूल करतो. गाडी फक्त उन्हात बाहेर काढत असाल तर इथेच थांबा.

दोन्ही दिवे डिप करायचे असतील तर

रात्री खरंच चालवायची असेल तर दोन्ही दिव्यांना दोन फिलामेंटचे बल्ब लावायचे आणि डाव्या रिफ्लेक्टरला सरळ स्थितीत कायमचं अडकवायचं. अडकवायला छोटी पत्र्याची पट्टी वाकवून स्क्रूने लावा, ड्रिल मारू नका, सोल्डर लावू नका. सोलेनॉइड काढलात तर बिस्किटाच्या डब्यात घालून वर नाव लिहून ठेवा, पुढचा मालक दुवा देईल.

वायरिंग ऐकायला अवघड, करायला सोपं. जुन्या व्यवस्थेत डिपरमधून पुढे दोन वायर निघतात, एक उजव्या बल्बला आणि एक डाव्यातल्या सोलेनॉइडला, डाव्या बल्बला तिसरी वेगळी वायर असते जी हेडलाइट चालू असेपर्यंत कायम जिवंत. आता उजव्या बल्बवाली वायर झाली अपरची, सोलेनॉइडवाली झाली डिपची. अपरची वायर उजव्या दिव्यातून पुढे डाव्यालाही जोडायची, डिपची डाव्यातून उजव्यालाही, म्हणजे दोन दिव्यांच्या मध्ये दोन नवीन वायर आल्या. ती तिसरी कायम जिवंत वायर दोन्ही टोकांना सोडवून, टोकं नीट झाकून, तिथेच बांधून ठेवायची, कापायची नाही. होल्डर पण बदलावे लागतात, मागे दोन ठिपके असलेले, अर्थ अंगातून.

वॉट निवडताना हाव नको. सहा व्होल्टला ३६ वॉटचे दोन बल्ब म्हणजे ७२ भागिले ६, बारा अँपियर. युद्धाआधीच्या छोट्या गाडीचा तीन ब्रशचा डायनॅमो आठ-दहा अँपियर देतो, ते पण मूड चांगला असेल तर. म्हणजे घरी पोचेपर्यंत तुम्ही बॅटरी खाताय. २४ वॉटचे दोन घेतले तर आठ अँपियर, जमतं. लक्षात घ्या, आधी डिपवर एकच दिवा जळायचा, आता दोन जळणार, त्यामुळे डिपचा खर्च जवळपास दुप्पट झालाय. गाडी साध्या वेगात असताना हेडलाइट लावून ॲमीटर बघा, काटा मायनसकडे झुकत असेल तर तुमचा हिशोब चुकला.

बल्बचा डिप कुठल्या बाजूला आहे हे विकत घेतानाच विचारा. जुन्या ब्रिटिश बल्बमध्ये डिपचं फिलामेंट फोकसच्या बिंदूपासून जरा बाजूला सरकवलेलं असतं, त्यामुळे झोत खाली आणि एका बाजूला वळतो. ब्रिटनमध्ये आणि आपल्याकडे गाड्या डावीकडून चालतात, तेव्हा झोत डावीकडेच वळला पाहिजे. मला एका विक्रेत्याने हसतमुखाने उजवीकडे डिप होणारे बल्ब पाठवले, म्हणजे युरोप-अमेरिकेसाठीचे, आणि दोन आठवडे समोरचा प्रत्येक जण मला दिवे दाखवून शिव्या घालत होता, मला वाटत होतं जुनी गाडी बघून हात करतायत! भिंतीवर बघा: अपरवरून डिपवर गेल्यावर ठिपका खाली आणि डावीकडे. वर गेला तर बल्ब उलटा बसलाय.

सात इंची दिवे आणि रिले

युद्धानंतरच्या बारा व्होल्टच्या गाडीत सात इंची दिव्यात आधुनिक काच-रिफ्लेक्टर बसतो, १७८ मिलिमीटर, एच ४ हॅलोजनवाला (एच ४ म्हणजे दोन फिलामेंटचा हॅलोजन बल्ब), आणि बाहेरून फार वेगळं दिसत नाही. घेताना काचेवर बाण बघा. दिव्याकडे तोंड करून उभे राहिलात आणि आडवा बाण तुमच्या उजवीकडे दाखवत असेल तर तो डावीकडच्या वाहतुकीचा, आपला. बाणच नसेल तर उजवीकडच्या वाहतुकीचा, परत करा.

एच ४ ला ६० आणि ५५ वॉट. डिपवर ५५ चे दोन म्हणजे नऊ अँपियरच्या वर, अपरवर बरोबर दहा. ल्युकस (ब्रिटिश गाड्यांचं विजेचं सामान बनवणारी कंपनी) चा सी ३९ डायनॅमो १९ अँपियरचा, सी ४० बावीसचा. त्यातून इग्निशन, मागचे दिवे, वायपर आणि हीटर वजा करा, पावसाळी रात्री काही उरत नाही. चालतं, पण सिग्नलला उभे असताना दिवे मंद होणार हे गृहीत धरा.

इथे रिले लावाच. मूळ व्यवस्थेत सगळा करंट डॅशबोर्डवरच्या स्विचमधून आणि पायाच्या डिपरमधून फिरून येतो, आणि धक्कादायक गोष्ट म्हणजे बऱ्याच जुन्या ब्रिटिश गाड्यांत हेडलाइटला फ्यूजच नाही. दोन रिले घ्या, एक अपरला, एक डिपला. रिलेच्या प्रत्येक टोकाला नंबर असतो, पुढचे ८६, ८५, ३०, ८७ ते तेच. पुढे रेडिएटरजवळ निळी-पांढरी आणि निळी-लाल वायर बुलेट कनेक्टरने (दाबून बसणारा, ओढला की निघणारा जोड) जोडलेली असते, ती तिथे फक्त उपसा, कापू नका. निळी-पांढरी एका रिलेच्या ८६ ला, निळी-लाल दुसऱ्याच्या ८६ ला, दोन्हींचा ८५ अर्थला. ३० नंबरला बॅटरीकडची जाड वायर, तीन चौरस मिलिमीटरची, बॅटरीच्या अगदी जवळ एक मोठा फ्यूज घालून. ८७ मधून दिव्यांकडे, दोन चौरस मिलिमीटरची चालते. प्रत्येक फिलामेंटला वेगळा फ्यूज द्या, एकूण चार, म्हणजे एक गेला तरी एक डोळा शिल्लक राहतो. पॉझिटिव्ह अर्थवाल्यांनी आत डायोड नसलेलाच रिले घ्यायचा. डॅशबोर्डवरचा अपरचा निळा दिवा पूर्वीसारखाच चालतो कारण त्याची वायर तुम्ही छेडलेली नाही.

एलईडीबद्दल सगळे विचारतात. मागच्या दिव्यांना आणि ब्रेकलाइटला जरूर लावा, मागून येणाऱ्याला तुम्ही दिसता आणि करंट वाचतो. हेडलाइटला मी लावत नाही. रिफ्लेक्टर एका बारीक तारेसाठी आखलेला आहे, तिच्या जागी चिपांची पट्टी आली की उजेड भरपूर दिसतो पण रस्त्यावर जिथे हवा तिथे पडतोच असं नाही, आणि समोरच्याच्या डोळ्यात मात्र नक्की जातो. कोणाचा अनुभव वेगळा असेल, असो.

फोकस आणि नेम

जुन्या दिव्यांत दोन वेगळी कामं आहेत आणि लोक दोन्हींची खिचडी करतात. फोकस म्हणजे बल्ब रिफ्लेक्टरमध्ये किती आत, नेम म्हणजे दिवा कुठे बघतोय. गाडी सपाट जागेवर भिंतीपासून २५ फुटांवर उभी करा, टायरमध्ये हवा बरोबर, ड्रायव्हरच्या सीटवर माणूस बसलेला. एका दिव्यावर जाड कापड टाका. दुसऱ्याच्या मागची होल्डरची पकड ढिली करून बल्ब पुढे-मागे सरकवा, भिंतीवरचा ठिपका सगळ्यात लहान आणि एकसारखा झाला, मध्ये काळं भोक नाही, की आवळा. मग नेम: अपरचे ठिपके दिव्यांच्या मध्यबिंदूंइतक्याच अंतरावर, म्हणजे झोत एकमेकांना समांतर, आणि किंचित खाली. एच ४ वाल्यांनी डिपची वरची कड दिव्याच्या मध्यापेक्षा तीन इंच खाली ठेवायची, २५ फुटांवर तो बरोबर एक टक्का होतो. युद्धानंतरचे, मागे जागा पक्की करणाऱ्या पट्टीचे बल्ब असतील तर फोकसची भानगड नाही, ते बसतात तिथेच बसतात.

पुण्या-मुंबईकडे अशी गाडी ठेवणाऱ्यांसाठी एक गोष्ट. २०२१ च्या नियमांनुसार पन्नास वर्षांपेक्षा जुन्या गाडीला व्हिंटेज म्हणून व्हीए मालिकेचा नंबर मिळतो, नोंदणीला वीस हजार, दहा वर्षांसाठी, आणि चासी, बॉडी, इंजिनात मोठा बदल केलेला चालत नाही. अशी गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही, रॅली, प्रदर्शन, पेट्रोल आणि दुरुस्तीपुरतीच. म्हणून उपसून परत ठेवता येतील असे रिले आणि डब्यात जपलेला सोलेनॉइड हे आपल्याकडे जास्तच कामाचं.

सगळं झालं की लगेच लांब जाऊ नका. दिवे लावून, इंजिन चालू ठेवून गाडी वीस मिनिटं दारातच उभी करा, मग प्रत्येक जोड, स्विचची मागची बाजू, फ्यूजच्या क्लिपा बोटाने चाचपा. कोमट चालेल. बोट ठेववत नसेल तर तो जोड लूज आहे, पुन्हा करा. त्यानंतर घराजवळच्या अंधाऱ्या रस्त्यावर एक फेरी, खिशात दोन फ्यूज, एक बल्ब आणि टॉर्च. समोरून गाडी आली की डिपर दाबा आणि समोरचा दिवे मारतो का ते बघा. मी पहिल्या फेरीला चार गाड्या मोजल्या, चौघांपैकी एकानेही मारले नाहीत, पाचव्याने मारले, तो शेजारी होता आणि खरंच हात करत होता.